विद्यापीठातून कुंपणाआड

अणुसंमीलन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी प्रयोगशाळांतील अवाढव्य यंत्रे येतात. ब्रिटनमध्ये या संशोधनाची सुरुवात मात्र विद्यापीठात, काचेच्या नळ्यांपासून झाली.

मे १९४६ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील जॉर्ज पॅजेट टॉमसन आणि मोझेस ब्लॅकमन यांनी संमीलनभट्टीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकाच दिशेने विद्युतप्रवाह वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात, हे आपण वर्गात शिकवतोच. वायूतून मोठा प्रवाह सोडला तर तेच घडते. वायूचा दोर आवळला जातो, तापतो आणि नळीच्या भिंतीपासून सुटा होतो. सायकलच्या ट्यूबसारखी बंद कडी घेतली की टोकांचा प्रश्नच उरत नाही. टॉमसन यांनी हे काम ॲलन वेअर आणि स्टॅन्ली कझिन्स या विद्यार्थ्यांकडे सोपवले. तिकडे ऑक्सफर्डला ऑस्ट्रेलियाहून आलेले पीटर थोनमन याच वाटेने चालले होते.

मग आडवी आली गुप्तता. तिचे कारण अगदीच पोकळ नव्हते. संमीलनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांनी युरेनियमपासून बाँबसाठी लागणारे प्लुटोनियम बनवता येते. त्यातच हार्वेलच्या अणुकेंद्रातील क्लाउस फुक्स १९५० साली हेरगिरीबद्दल पकडले गेले. १९५१ च्या सुमारास ऑक्सफर्डचा गट हार्वेलला आणि टॉमसन यांचा गट ऑल्डरमास्टनच्या एका औद्योगिक प्रयोगशाळेत हलवण्यात आला. पैसा आणि यंत्रे मिळाली. चारचौघांत शंका विचारण्याची सोय गेली. आमच्या मते हा तोटा लहान नव्हता.

असा आवळलेला दोर मुळातच अस्थिर असतो, जरा वाकला की अधिकच वाकतो. हे गणिताने दाखवणारा क्रुस्कल आणि श्वार्ट्झशिल्ड यांचा लेख १९५४ मध्ये उघडपणे छापून आला, तो प्रिन्स्टन विद्यापीठातून. एप्रिल १९५६ मध्ये रशियाचे कुर्चातोव्ह खुद्द हार्वेलमध्ये सांगून गेले होते, की अशा नळीतून न्यूट्रॉन निघाले म्हणजे ते उष्णतेनेच घडलेल्या संमीलनाचे, असे समजू नये. तरीही जानेवारी १९५८ मध्ये हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्राचा मोठा गाजावाजा झाला आणि मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन खरे होते, पण ते अस्थिरतेमुळे वेग मिळालेल्या थोड्याशा अणुकेंद्रांचे होते.

सप्टेंबर १९५८ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत सर्व देशांनी आपले काम खुले केले. पुढे १९६९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ लेसर घेऊन मॉस्कोला गेले आणि तेथील टोकामॅकमधले सुमारे एक कोटी अंशांचे तापमान त्यांनी स्वतः मोजले. त्यासाठी वापरलेली पद्धत प्रकाशाच्या टॉमसन विकिरणाची. हे टॉमसन म्हणजे जॉर्ज यांचे वडील, इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे.