अंगणातली निजलेली गाडी

दिवाळी जवळ आली की घराघरांत केरसुणी फिरू लागते. माळ्यावरची मोडकी खुर्ची, गळका बंब, काच फुटलेला कंदील, सगळी अडगळ बाहेर निघते. पण एका वस्तूला ही केरसुणी वळसा घालून जाते. ती म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात चाकांवर बसून गेलेली बंद मोटार! धुळ्याहून जळगावाकडे जाताना अशा किती गाड्या दिसाव्यात! कुठे कडुनिंबाखाली एखादी मालमोटार, कुठे पत्र्याच्या आडोशाला जीप, तर कुठे वेल चढलेली टॅक्सी. मला प्रत्येक वेळी एकच प्रश्न पडतो. जागा त्याची, गाडीही त्याची. मग शेजाऱ्याला किंवा नगरपालिकेला त्यात बोलायचा अधिकार किती?

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. रस्ता सर्वांचा आणि अंगण ज्याचे त्याचे, हा वाद नगरे वसली तेव्हापासूनचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर धूळमाती टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण दंड सांगितला आहे. चिखलपाण्याने वाट अडवणाऱ्याला त्याच्या दुप्पट, म्हणजे पाव पण. दंड लहान, पण त्यामागचा विचार मोठा आहे. तुझा केर तुझ्या उंबरठ्याबाहेर आला की तो तुझ्या एकट्याचा राहिला नाही.

आमच्या खानदेशात बैलगाडीच्या काळी ही अडचण फारशी जाणवली नसावी. कारण बैलगाडी सज्जनासारखी मरते. तिचे साटे मोडले तर लाकूड चुलीत जाते, आख आणि चाकाची लोखंडी धाव लोहाराकडे जाते, आणि राहिलेले तुकडे कुंपणाला लागतात. चार-दोन पावसाळ्यांत तिची खूणही उरत नाही. मोटारीचे तसे नाही. लोखंड, काच, रबर, तेल आणि आम्ल यांचा हा संसार आपण होऊन मातीला मिळत नाही. शिवाय तिच्या नावाने सरकारदरबारी एक वही उघडलेली असते, ती निराळीच.

आता धुळ्याकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे आपले ठाणे केले. १८१९ मध्ये या गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. ब्रिग्जला येथे व्यापारी आणायचे होते. म्हणून त्याने घरांसाठीच्या जागा कायमच्या भाडेमाफीने दिल्या आणि पक्की घरे बांधायला उचलही दिली. १८७२ पर्यंत घरे २,६२० आणि वस्ती १२,४८९ झाली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. नव्या धुळ्याचा पायाच मुळी ‘ही जागा तुझी, तू येथे नांद’ या शब्दावर घातला गेला. येथल्या घरधन्याला आपल्या अंगणाचा अभिमान असला तर नवल काय?

पण घरे वाढली तशी गटारे, दिवे आणि रस्ते यांची काळजी कोणीतरी वाहायला हवी होती. धुळ्याला १८६२ मध्ये आणि जळगावला १८६४ मध्ये नगरपालिका आली. घरधनी आणि नगर यांच्यातला संवाद, आणि विसंवादही, तेथून सुरू झाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. २००३ मध्ये दोन्ही शहरांना महानगरपालिका मिळाल्या. आज तेथे चालतो तो मूळ १९४९ चा महानगरपालिका कायदा.

हा कायदा काय म्हणतो? रस्त्यात अडथळा होईल अशी वस्तू ठेवू नये, आणि ठेवली तर आयुक्ताने ती सूचना न देताही उचलावी, अशी सोय त्यात २३० आणि २३१ या कलमांत आहे. मोटारींसाठी आणखी एक तरतूद आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी ओढून नेववू शकतो, आणि ओढण्याचा खर्च मालकाच्या माथी!

‘सूचना न देता’ या शब्दांवर मात्र १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोलाचा निर्णय दिला. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या गरिबांचे ते प्रकरण ‘ऑल्गा टेलिस’ या नावाने प्रसिद्ध आहे. मुंबईच्या कायद्यातले असेच एक कलम न्यायालयाने रद्द केले नाही. पण सूचना देणे हा नियम आणि न देणे हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला. रस्त्यावर बसलेल्याचेसुद्धा आधी ऐकून घ्यावे, असे जर न्यायालय म्हणते, तर स्वतःच्या अंगणात उभ्या असलेल्याचे किती ऐकावे!

आणि अंगणात खरोखरच चित्र बदलते. वरच्या दोन्ही तरतुदी रस्त्यावरच्या आणि सार्वजनिक जागेतल्या आहेत. फाटकाच्या आत राज्यघटनेचे ३००-अ हे कलम पहाऱ्याला उभे असते. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला हे खरे, पण कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, ही हमी शिल्लक राहिली. गाडी डोळ्यांना बोचते, एवढे कारण त्यापुढे टिकायचे नाही.

मग शेजाऱ्याने करावे तरी काय? त्याने गाडीकडे बोट न दाखवता उपद्रवाकडे दाखवावे. जुन्या टायरात वाटीभर पावसाचे पाणी साचले की डेंग्यू पसरवणारा एडिस डास आठ-दहा दिवसांत तेथे पिढी वाढवतो. तो डास कुंपण ओळखत नाही. उंदीर, साप, झिरपणारे तेल यांचेही तेच. सार्वजनिक उपद्रवासाठी दंडप्रक्रिया संहितेत १३३ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाने घेतली. दंडाधिकारी त्याखाली सशर्त हुकूम काढतो: उपद्रव दूर कर, नाहीतर समोर येऊन कारण सांग. यातला ‘कारण सांग’ हा भाग घरधन्याचा, आणि ‘दूर कर’ हा शेजाऱ्याचा. तराजू असा धरलेला आहे.

परदेशात हाच तराजू निरनिराळ्या बाजूंना झुकलेला दिसतो. अमेरिकेतली कित्येक शहरे बंद मोटार स्वतःच्या अंगणातही रस्त्यावरून दिसेल अशी ठेवू देत नाहीत. १९६५ मध्ये तेथे महामार्ग सुशोभनाचा कायदा झाला आणि हमरस्त्यालगतच्या भंगारवखारींवर नियंत्रण आले. इंग्लंडने १९६७ मध्ये टाकून दिलेली वाहने हलवण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले. परंतु जागा कोणाच्या वहिवाटीत असेल तर त्याला आधी सूचना द्यावी लागते, आणि त्याने हरकत घेतली की गाडी तेथेच राहते. मला इंग्लंडची रीत आपल्या स्वभावाला जवळची वाटते.

कारण बंद गाडी म्हणजे नेहमी आळसच नव्हे. माझ्या ओळखीचा एक मालमोटारवाला रावेरची केळी वाहून नेत असे. इंजिन गेले, कर्ज राहिले. त्याच्या दाराशी ती गाडी चार वर्षे उभी होती. शेजारी तिला खटारा म्हणत, तो म्हणे, “दादा, हे माझं भांडवल आहे, निजलंय फक्त.” पुढे एका हंगामात त्याने तिचा सांगाडा आणि सुटे भाग विकून मुलीची फी भरली. अशी गाडी कोणी एका सकाळी ओढून नेली असती तर?

मात्र हक्क सांगणाऱ्याने आपले कर्तव्यही पुरे करावे. गाडी कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते. माणसासारखी मोटारीचीही मृत्यूची नोंद! नोंद चालू असेल तर गाडी वापरातच आहे असे १९५८ चा आपला मोटार कर कायदा धरून चालतो. वापर बंद असल्याचे आगाऊ कळवून तसा दाखला घेतला नाही तर निजलेल्या गाडीवरही कर चढतो. २०२१ पासून मान्यताप्राप्त मोडणी केंद्रांचे नियमही आले आहेत. तेथे गाडी दिल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राने नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

आता सरकारच्या अंगणाकडेही पाहू. महामार्गावरच्या पोलीस ठाण्यांमागे जप्त गाड्यांची रांग गंजत असते ती कोणाची? गाड्या ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही, योग्य हमी घेऊन त्या लवकर परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितले आहे. शेजाऱ्याला जो नियम, तोच ठाण्यालाही हवा.

मला विचाराल तर वाट साधी आहे. टायर कोरडे ठेवावेत, तेल आणि बॅटरी काढून टाकावी, गाडी कुंपणाच्या आत घ्यावी आणि कागद पुरे करावेत. एवढे करणाऱ्याच्या फाटकाशी कायद्याने अदबीने थांबावे. आणि शेजाऱ्याने अर्ज लिहिण्याआधी फराळाचे ताट घेऊन एकदा त्याच्याकडे जावे. गाडी का निजली आहे हे त्याला तेथेच कळेल.