निसिन: औषध म्हणून नापास, अन्नात पास

चीज स्प्रेडच्या डब्यावर बारीक अक्षरांत 234 हा आकडा दिसला, तर तो निसिनचा क्रमांक. निसिन म्हणजे 34 अमिनो आम्लांचं छोटं, जिवाणूंनीच तयार केलेलं जिवाणूनाशक प्रथिन. अशा प्रथिनांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. पण याची सुरुवात एका डोकेदुखीतून झाली.

चीज करताना दुधाला विरजण लावतात. न्यूझीलंडमध्ये काही दुधात हे विरजण नीट लागतच नव्हतं. विरजण खराब, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. एच. आर. व्हाइटहेड यांनी दूधच तपासलं. दुधातले काही स्ट्रेप्टोकोकस जिवाणू एक पदार्थ सोडत होते आणि तो विरजणाची वाढ रोखत होता. हा पदार्थ प्रथिनासारखा आहे, हे त्यांनी 1933 मध्ये दाखवलं.

पुढे पेनिसिलिनचा जमाना आला. इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी या पदार्थावर काम केलं आणि 1947 मध्ये त्याला निसिन नाव मिळालं. हे जिवाणू 'एन' गटातले, म्हणून 'ग्रुप एन इनहिबिटरी सब्स्टन्स'; त्यातल्या एन-आय-एसला 'इन' जोडलं, झालं निसिन! अगदी क्षयाच्या जिवाणूवरही ते वापरून पाहिलं गेलं. पण औषध म्हणून जमलं नाही. शरीराच्या पीएचला ते नीट विरघळत नाही, टिकत नाही. आणि पोटात गेलं की पाचक एन्झाइम त्याचे तुकडे करतात.

आता गंमत बघा. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू उष्णतेतही तगतात, नंतर वाढून वायू सोडतात आणि चीज फुगतं. 1951 मध्ये हर्श आणि सहकाऱ्यांनी ही वाढ रोखायला निसिन वापरायचं सुचवलं. काम इथे अन्नात करायचं होतं, शरीरात नाही. म्हणजे पोटात पचून जाणं हा औषधातला दोष इथे गुण ठरला! 1969 मध्ये एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीने मान्यता दिली, 1988 मध्ये अमेरिकेने चीज स्प्रेडसाठी परवानगी दिली.

मात्र निसिन रामबाण नाहीये. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरच्या आवरणाचं संरक्षण असतं. यीस्ट आणि बुरशीवरही ते चालत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी प्लेटवर वसाहतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं आणि मी हुरळून गेले. गाइडनी एवढंच विचारलं, "पीएच बघितलास?" ते नुसतं लॅक्टिक आम्ल निघालं. तेव्हा तुम्ही आधी पेशी गाळून काढा, द्रवातलं आम्ल उदासीन करा, कॅटलेज घालून हायड्रोजन पेरॉक्साइडची शंका मिटवा. मग प्रोटीएज घाला. आता परिणाम गेला, तरच प्रथिनाबद्दल बोला.

बिघडलेला प्रयोग फेकण्याआधी 'का बिघडला?' एवढं विचारा. दरवेळी निसिन सापडणार नाही, पण नियंत्रण प्रयोग लावायची सवय नक्की लागेल.