कात्रजचा घाट कोण दाखवतो?

आजचा विषय तसा बाजारातला आहे. गाडीसाठी वाट दाखवणारं यंत्र निवडायचं झालं तर कसं निवडावं? तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने यावर काय बोलावं, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. पण आपण जमलो आहोत कात्रजला. 'कात्रजचा घाट दाखवणे' म्हणजे फसवणे, भलत्या वाटेला लावणे, असा अर्थ आपल्या भाषेत रूढ झालेला आहे. तेव्हा सुरुवात घाटापासूनच करू.

शाहिस्तेखान १६६० पासून पुण्यात तळ देऊन होता आणि राहायला लाल महालात. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी मोजक्या माणसांनिशी तिथे छापा घातला. खानाची बोटं गेली, जीव वाचला. हा झाला पक्का इतिहास. पुढची गोष्ट परंपरा सांगते. महाराजांच्या माणसांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून बैल सोडून दिले. मराठे तिकडूनच पळताहेत असं समजून मुघल फौज त्या उजेडामागे धावली, आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले.

आता बघा, मुघलांच्या डोळ्यांनी त्यांना दगा दिला का? नाही. पलिते खरेच होते. चुकलं ते अनुमान. जिथे पलिते तिथे माणसं, हा नेम त्यांनी धरला आणि तो नेम त्या रात्री मोडला. नैयायिक याला सव्यभिचारी हेतू म्हणतात: खूण दिसते, पण ती ज्याची खूण आहे ते तिथे असेलच असं नाही. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पूर्वी वाट दाखवायला वाटाड्या असे. तो त्याच मुलखातला, पायाखालची वाट सांगणारा. पुढे इंग्रजांनी माणसाच्या आठवणीऐवजी मोजमाप आणलं. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ चा. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची महामोजणी सुरू केली. पण मोजलेला देश सगळ्यांना पाहायला मिळाला असं नाही. नकाशा ही सरकारची, त्यातही लष्कराची वस्तू राहिली. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ तसंच चाललं. भारतीय कंपन्यांना परवानग्यांच्या फेऱ्यांशिवाय नकाशे करण्याची मोकळीक मिळाली ती १५ फेब्रुवारी २०२१ च्या धोरणाने. म्हणजे अगदी कालपरवा.

गाडीतलं यंत्र उपग्रहांच्या आधीचं आहे, बरं का. १९८१ मध्ये जपानमध्ये होंडाने एक उपकरण आणलं. गाडी किती वळली आणि किती चालली याचा हिशेब ठेवून ते पारदर्शक नकाशावर जागा दाखवी. उपग्रहाचा संबंधच नव्हता. जीपीएस बसवलेली गाडी माझदाने १९९० मध्ये काढली.

जीपीएस मुळात अमेरिकी लष्कराचं. पहिला उपग्रह १९७८ चा. १९८३ मध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की ही यंत्रणा नागरी वापरालाही खुली राहील. १९९५ मध्ये २४ उपग्रहांची ही यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचं जाहीर झालं. पण खुली केली तरी सर्वसामान्यांच्या संकेतात अमेरिका मुद्दाम खोट मिसळत असे. त्यामुळे सुमारे १०० मीटरपर्यंत चूक राही. ही खोट मे २००० मध्ये काढली. तोवर जगाला थोडा थोडा कात्रजचा घाट रोजच दाखवला जात होता म्हणायचा!

यंत्र करतं काय? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळ आणि आपली जागा सांगतात. किमान चार उपग्रहांचे संकेत पोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढतं आणि अंतरांवरून जागा. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर ३०० मीटरची चूक. आपला 'नाविक' पाहा. त्याचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला आणि सातवा २८ एप्रिल २०१६ ला. पण पहिल्यावरची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. मग २९ मे २०२३ ला सोडलेल्या उपग्रहावर आपण देशात बनवलेलं घड्याळ बसवलं. सांगायचा मुद्दा, पडद्यावरचा निळा ठिपका हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. आणि 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' हा तर दुसऱ्याचा शब्द आहे.

शब्दावर विश्वास कधी ठेवावा, याचा विचार न्यायशास्त्राने केलेला आहे. शब्द प्रमाण, पण तो आप्ताचा. आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे, ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, आणि ज्याला ती सांगता येते. वात्स्यायनांनी पुढे असंही म्हटलं आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू. तेव्हा यंत्र देशी की विदेशी, हा प्रश्न पहिला नाही. हे तीन प्रश्न पहिले.

त्याला ठाऊक आहे का? जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडून कळसूबाईला निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात यंत्राच्या भरवशावर रात्री धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. चालक बुडून मेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ अपुऱ्या पुलावरून गाडी रामगंगेत पडली आणि तिघं गेले. दोन्हीकडे नकाशातला रस्ता एके काळी खरा होता. जमिनीवर मात्र तो उरला नव्हता. पलिते आहेत, माणसं नाहीत! म्हणून नकाशा किती दिवसांनी ताजा होतो, हे दुकानात आधी विचारा. फोनमधला नकाशा लवकर बदलतो, पण त्याला रेंज लागते. वरंधा, ताम्हिणीकडे जायचं तर तो आधी उतरवून ठेवा. गाडीतल्या अंगभूत यंत्राचा नकाशा कधी कधी वर्षवर्ष तसाच राहतो. पण त्याला चाकांची गती कळते, त्यामुळे उपग्रहाचा संकेत तुटणाऱ्या बोगद्यातही त्याचा हिशेब सहसा चालू राहतो.

खरं सांगण्याची इच्छा आहे का? फुकट यंत्राचा खर्च कोण भागवतं, आणि आपण कुठे जातो याची नोंद कोणाकडे राहते, हे पाहावं. सांगता येतं का? वळण येण्याआधी, आपल्याला कळेल अशा भाषेत सांगणारं यंत्र चांगलं. वळणावर पोचल्यावर सांगणारं काय कामाचं?

आता इथलंच बघा. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे मोठा उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका टँकरने ४० हून जास्त गाड्या चेपल्या. यंत्राच्या दृष्टीने तो रस्ता सरळ आणि मोकळा, म्हणून बोलण्यासारखं काही नाही. अवजड गाडी तिथे न्यूट्रलवर सोडायची नसते, हे जुना वाटाड्या आपण न विचारता सांगेल. यंत्राला विचारलेल्या वाटेचंच उत्तर देता येतं.

म्हणून आमचं मत असं. यंत्र घ्या, जरूर घ्या. परवडेल ते, नकाशा ताजा ठेवणारं. रात्री, पावसाळ्यात किंवा अनोळखी घाटात यंत्र मुख्य रस्ता सोडायला सांगू लागलं, तर गाडी बाजूला घेऊन एखाद्या टपरीवाल्याला विचारा, "दादा, पुढे रस्ता चालू आहे ना?" दोन मिनिटं जातील. अकोल्याच्या त्या रात्री तेवढी दोन मिनिटं पुरली असती.