एदलाबाद की आदिलाबाद? जिल्ह्याच्या नावामागचा इतिहास

बेला : बेला, जैनथ भागातली जुनी माणसं आजही 'एदलाबादला जाऊन येतो' असंच म्हणतात. कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या प्रमाणपत्रावर मात्र 'आदिलाबाद' लिहिलेलं असतं. गाव एकच, नावं दोन. ती कुठून आली, त्याची ही माहिती.

आदिलशहाचं नाव

सरकारी माहितीत आदिलाबाद हे नाव विजापूरच्या अली आदिलशहावरून पडल्याचं दिलेलं आहे. काही जण घराण्याचा संस्थापक युसूफ आदिलशहा याचंही नाव घेतात. विजापूरच्या गादीवर अली नावाचे दोन सुलतान झाले. पहिला 1558 ते 1580 आणि दुसरा 1656 ते 1672. 'आदिल' म्हणजे न्यायी आणि 'आबाद' म्हणजे वसलेलं.

बैलांचं गाव?

तेलुगू लोकांत या गावाचं 'एदुलापुरम्' हे नाव चालतं. तेलुगूत बैलाला 'एद्दु' म्हणतात, अनेक बैल म्हणजे 'एड्लु'. बैलबंडीला 'एड्ल बंडी' म्हणतात, हे सीमेवरच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून एदलाबाद म्हणजे बैलांचं गाव, असाही अर्थ सांगितला जातो.

पण एदलाबाद नावाचं आणखी एक गाव होतं. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबादच. तिथे तेलुगू बोलली जात नाही, त्यामुळे बैलांचा अर्थ तिथे लागू पडत नाही. उलट खानदेशावर राज्य करणाऱ्या बुऱ्हाणपूरच्या फारुकी घराण्यात आदिलखान नावाचे सुलतान होऊन गेले. त्यावरून 'आदिल'चं 'एदल' हे मराठी तोंडात होत असावं, असं म्हणायला जागा आहे. पुढे तेलुगू माणसाने त्याच 'एदल'मध्ये आपला बैल पाहिला असेल, तर तेही नवल नाही.

जिल्हा कसा झाला

निजामाच्या राज्यात 1872 मध्ये सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा झाला. त्यात एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर हे तीन तालुके होते. 1905 मध्ये त्याला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला आणि आदिलाबाद हे मुख्यालय ठरलं.

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यरचना झाली. राजुरा, किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मराठी भाषक म्हणून मुंबई राज्यात गेलं. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ, भैंसा, कुबीर हा भाग आदिलाबादला जोडला गेला. बेला परिसर घरात मराठी बोलत आंध्र प्रदेशात राहिला. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सोयरिक, बाजार तसाच चालू राहिला.

2014 मध्ये तेलंगणा झालं. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. निजामाविरुद्ध लढून 1940 मध्ये मारले गेलेले गोंड पुढारी भीम यांचं नाव एका जिल्ह्याला मिळालं. बेला भागात मात्र आजोबाचा जन्म हैदराबाद संस्थानातला, बापाचा आंध्र प्रदेशातला आणि पोराचा तेलंगणातला असला, तरी जिल्हा आदिलाबादच राहिला.

नाव का महत्त्वाचं

हे नाव आजही लोकांच्या कामात आडवं येतं. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 आणि अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. तेव्हा राजुरा, किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होते. म्हणजे आज चंद्रपूर किंवा नांदेड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या आजोबाच्या कागदावर जिल्हा आदिलाबाद असतो, आणि तो कागद बऱ्याचदा उर्दूत असतो. पाहणाऱ्याला तो परराज्यातला वाटू शकतो. अशा वेळी गावाचा तालुका 1956 मध्ये इकडून तिकडे गेला, हे अर्जासोबत स्पष्ट लिहून देणं बरं. जुने दाखले शोधताना 'एदलाबाद' आणि 'आदिलाबाद' ही दोन्ही नावं तपासावीत.

जिवती तालुक्यातल्या 14 गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडचं मतदान अशी तिथली परिस्थिती आहे. जुन्या राजुरा तालुक्याची सीमा नेमकी कुठे संपत होती, याच प्रश्नाशी त्या गावांचं भवितव्य बांधलेलं आहे.