ग्रँट रोडची वायर, कळंबचा खारा वारा

रेडिओला ग्रामोफोन जोडता यावा म्हणून अमेरिकेच्या आरसीए कंपनीने 1930च्या दशकात एक साधी पिन काढली. जर्मन डिन पिन मागे पडली. ही मात्र आजही हाय-फायच्या पाठीमागे ठाण मांडून आहे.

कळंब-नालासोपाऱ्याच्या शौकिनाला या पिनेच्या वायरीसाठी पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठणं सोपं. जवळच लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग: मुंबईचा जुना इलेक्ट्रॉनिक्स बाजार. मीटरवर शिल्डेड वायर घ्यायची, पिना घ्यायच्या आणि घरी सोल्डरिंग करायचं. मधली तार पिनेच्या टोकाला, भोवतालची जाळी कडेला. जाळी सुटली की गाण्याआधी स्पीकरच घुमू लागतो!

1979 साली नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल सुरू केली आणि वायर हीच चैनीची वस्तू झाली. पण सीडी प्लेअरपासून अॅम्प्लिफायरपर्यंतच्या मीटरभर अंतरात दोन धड वायरींमधला फरक, नाव झाकून ऐकवला, तर सहसा कुणाला ओळखता येत नाही. अपवाद रेकॉर्ड प्लेअरचा. तिथे वायरची कपॅसिटन्स वाढली की वरचे सूर खरोखर बदलतात.

समुद्रकाठी खाऱ्या हवेने पिना काळवंडतात, खरखर सुरू होते. तेव्हा कळंबकरांनो, नव्या वायरीवर पैसे घालण्याआधी सेट बंद करून जुन्या पिना पुसून पाहा.