डोस तोच, रक्तातील पातळी दुप्पट

अनेक वर्षे सोसलेले औषध उतारवयात अचानक बाधू लागते. गोळी बदललेली नसते. बदललेला असतो तो शरीराचा औषध बाहेर टाकण्याचा वेग. हृदयविकारावरील डिगॉक्सिन हे याचे ठळक उदाहरण होय.

क्लिअरन्स म्हणजे काय?

दर मिनिटाला जेवढा रक्तद्रव औषधापासून पूर्णपणे मुक्त होतो, त्या मापाला क्लिअरन्स म्हणतात. हे काम प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडे करतात. बहुतेक औषधांच्या बाबतीत शरीरातील शिल्लक साठ्याचा ठरावीक हिस्सा बाहेर पडतो. रोज गोळी घेतल्यास साठा वाढतो, तसा निचराही वाढतो. येणारे व जाणारे औषध समसमान झाले, की पातळी स्थिरावते. क्लिअरन्स निम्मा झाल्यास त्याच डोसने ही स्थिर पातळी दुप्पट होते.

स्थिरावण्यास लागणारा काळ

पातळी निम्मी होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुकाल. डोस तोच ठेवल्यास पाच अर्धायुकालांत स्थिर पातळीचा सुमारे ९७ टक्के टप्पा गाठला जातो.

डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे निरोगी असल्यास त्याचा अर्धायुकाल सुमारे दीड ते दोन दिवस असतो, म्हणजे आठवडा-दहा दिवसांत पातळी स्थिरावते. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी असल्यास अर्धायुकाल साडेतीन ते पाच दिवसांवर जातो आणि पातळी तीन आठवड्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ चढत राहते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातील समाधानकारक रक्तचाचणी फसवी ठरू शकते.

कोणती दक्षता घ्यावी?

वृद्धांमध्ये स्नायू कमी झाल्याने क्रिएटिनिनही कमी तयार होते. त्यामुळे मूत्रपिंडांची क्षमता घटूनही अहवाल सामान्य दिसू शकतो. म्हणूनच १९७६ मध्ये मांडलेल्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात क्रिएटिनिनबरोबर वय, वजन व लिंगही विचारात घेतले जाते. क्विनिडिन, व्हेरापामिल, अमिओडॅरोन यांसारख्या औषधांमुळेही डिगॉक्सिनचा निचरा मंदावतो. पातळी तपासण्यासाठी रक्ताचा नमुना गोळीनंतर किमान सहा तासांनी घ्यावा लागतो.

मळमळ, अन्नावरील वासना उडणे, पिवळसर दिसणे किंवा ठोके अनियमित होणे, ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. ती दिसताच डॉक्टरांशी तातडीने संपर्क साधावा आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी त्यांना दाखवावी.