चमत्काराचा प्रयोग आणि प्रयोगाची भाषा : हौशी जादू-प्रात्यक्षिकांच्या पूर्वतयारीचा एक अभ्यास

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द चार निरनिराळ्या क्षेत्रांत वावरतो. नाटकाचा प्रयोग होतो. प्रयोगशाळेत प्रयोग करतात. व्याकरणात कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग सांगितलेले आहेत. आणि मांत्रिकाच्या तोंडी जारणमारणाचाही ‘प्रयोग’च असतो. हे चारही अर्थ जेथे एकत्र येतात असा एक प्रकार महाराष्ट्रात गेल्या चार दशकांत रूढ झाला आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कारांची जी प्रात्यक्षिके करतात, तो हा प्रकार होय. मांत्रिकाचा प्रयोग ते लोकांपुढे नाटकासारखा करून दाखवितात आणि मग प्रयोगशाळेतील प्रयोगाप्रमाणे तो उलगडून सांगतात. व्याकरणातील प्रयोगाचा येथे काही संबंध असेल, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः त्याकडे आहे. ह्या प्रात्यक्षिकांची पूर्वपीठिका कोणती, हौशी माणूस त्यांची तयारी कशी करतो आणि त्या तयारीत भाषेचा वाटा किती, ह्या प्रश्नांचा विचार येथे यवतमाळ जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

१. शब्दांची साक्ष

प्रथम ह्या विषयातील शब्दांकडे पाहू. ‘जादू’ हा शब्द फारसीतून आला. परंतु त्याचे मूळ अवेस्तातील ‘यातु’ ह्या शब्दात असून वैदिक ‘यातु’ व ‘यातुधान’ ही त्याचीच भावंडे आहेत. परका वाटणारा शब्द अशा रीतीने दूरच्या नात्याने घरचाच ठरतो. ‘नजरबंदी’ आणि ‘हातचलाखी’ ह्या शब्दांत अरबी-फारसी अंश उघड आहेत. ह्या दोन शब्दांचा विशेष असा की, त्यांत खेळाचे साधन सांगून टाकलेले असते : एकात नजर, दुसऱ्यात हात.

ह्याच्या उलट ‘चेटूक’, ‘भानामती’, ‘करणी’ हे शब्द साधन सांगत नाहीत. ‘चेटूक’ हा शब्द संस्कृत ‘चेटक’, म्हणजे सेवक, ह्याच्याशी जोडला जातो. वश करून कामाला लावलेली शक्ती, असा त्याचा आशय. ‘करणी’ तर ‘करणे’ ह्या धातूपासूनच झालेला शब्द आहे. पण त्यातील कर्ता मात्र अदृश्य असतो. ही केवळ शब्दांची मौज नव्हे. अदृश्य कर्त्याचा शोध सुरू झाला की संशय बहुधा गावातील एखाद्या एकाकी, निराधार बाईवर जाऊन पडतो आणि त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात.

‘गारुडी’ ह्या शब्दाचा प्रवास सर्वांत बोधप्रद आहे. गरुड हा सापांचा वैरी. म्हणून सर्पविष उतरविण्याच्या मंत्रविद्येला ‘गारुड’ म्हणत. तीवरून गारुडी म्हणजे मूळचा विष उतरविणारा. पुढे तो साप खेळविणारा झाला आणि शेवटी हातचलाखीचे खेळ करणाऱ्या कोणालाही ते नाव मिळाले. एकनाथांच्या भारुडांत गारुडी येतो तोपर्यंत तो लोकांच्या चांगल्या परिचयाचा झालेला होता. वैद्य, मांत्रिक आणि खेळकरी ह्या तीन भूमिका एका शब्दात गुंतलेल्या आहेत. त्या वेगळ्या करणे हेच आजच्या प्रात्यक्षिकाचे काम आहे.

२. जुन्या ग्रंथांतील दाखले

चमत्कार हा बनविलेला असू शकतो, ही जाणीव आपल्याकडे आधुनिक काळातच आली असे मानण्याचे कारण नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात शत्रूला चकविण्यासाठी अद्‌भुत गोष्टी कशा निर्माण कराव्यात ह्याच्या कृती दिल्या आहेत. त्यांत अंगाला लेप लावून निखाऱ्यांवरून चालण्याचाही समावेश आहे. कौटिल्याला ह्या कृतींचे रहस्य राजापुरते हवे होते. प्रजेला ते सांगण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. सातव्या शतकातील हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत ऐंद्रजालिक राजाला आकाशात देव दाखवितो आणि अंतःपुरात खोटी आग लावतो. तेथे इंद्रजाल हे करमणुकीचे व कथानक पुढे नेण्याचे साधन आहे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी दोरीवरून आकाशात चढणाऱ्या मायावी पुरुषाचा दृष्टान्त घेतला आहे. चढताना दिसणारा वेगळा आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी वेगळा, असे ते सांगतात. ‘दिसते’ आणि ‘आहे’ ह्यांतील भेद समजावण्यास जादूगाराचा खेळ उपयोगी पडतो, हे त्यांनी ओळखले होते. राज्यकारभार, करमणूक आणि तत्त्वविवेचन असे इंद्रजालाचे तीन उपयोग ह्या ग्रंथांत दिसतात. सामान्य प्रेक्षकाला रहस्य सांगून शहाणे करणे हा चौथा उपयोग त्यांत नाही.

३. रस्ता, रंगमंच आणि कीर्तन

रस्त्यावरच्या गारुड्याचा खेळ पाहिलेल्यांना त्याचा जमुरा आठवेल. चादरीखाली झोपलेला तो पोर आणि गारुडी ह्यांची सवाल-जबाबाची फेक हाच खेळाचा कणा असतो. बोलण्याने लक्ष जिकडे ओढले जाते त्याच्या विरुद्ध बाजूला हाताचे काम होते. विसाव्या शतकात हा खेळ रंगमंचावर स्थिरावला. बंगालचे पी. सी. सरकार (१९१३–१९७१) ह्यांनी त्याला भव्य नेपथ्य आणि जगभर कीर्ती मिळवून दिली. महाराष्ट्रात पुण्याचे जादूगार रघुवीर ह्यांचे नाव घरोघरी पोचले. रंगमंचावरील जादूगार दैवी शक्तीचा दावा करीत नाही, पण रहस्यही सांगत नाही. तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाशी त्याचा तसा अलिखित करारच असतो.

कार्यकर्त्यांच्या प्रात्यक्षिकाला आणखी एक पूर्वज आहे आणि तो वऱ्हाडातलाच आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) आपल्या कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. नवस आणि पशुबळी ह्यांवर त्यांनी जे प्रहार केले ते पंडिती भाषेत नव्हे, लोकांच्या बोलीत. गारुडी आणि जमुरा ह्यांचा संवाद आधीच ठरलेला असतो. गाडगे महाराजांनी जमुऱ्याच्या जागी सबंध समुदायाला बसविले आणि त्याला विचार करावयास लावले, असे म्हणावयास हरकत नाही.

४. हौशी प्रयोगकर्त्याचा उदय

ह्या धारा आधुनिक विवेकवादाशी येऊन मिळाल्या. श्रीलंकेत स्थायिक झालेले केरळीय अब्राहम कोवूर (मृत्यू १९७८) ह्यांनी चमत्कार करणाऱ्यांना एक लाख रुपयांचे आव्हान दिले होते. त्यांच्यानंतर बी. प्रेमानंद (१९३०–२००९) ह्यांनी बुवाबाजीतील चमत्कार स्वतः करून दाखवीत देशभर संचार केला. १९८२ मध्ये नागपूर येथे श्याम मानव ह्यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. १९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्य सुरू झाले. शिक्षक, विद्यार्थी, कारकून, शेतकरी अशी माणसे ह्या कामात आली. त्यांपैकी कोणी व्यवसायाने जादूगार नव्हते. म्हणूनच त्यांना तयारीचे शास्त्र बसवावे लागले.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. तथाकथित चमत्काराचे प्रदर्शन करून पैसा मिळविणे व लोकांना फसविणे वा त्यांच्यावर दहशत बसविणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. म्हणजे कृती तीच असली तरी तिच्यामागील दावा कोणता, ह्यावर सर्व अवलंबून आहे. आणि दावा हा भाषेतच केला जातो.

५. तयारी : वस्तू, वेळ आणि क्रियापद

तयारीचा पहिला भाग वस्तूंचा. नारळातून ‘करणी’ काढावयाची तर त्याच्या तीन डोळ्यांपैकी मऊ डोळा आधीच टोकरून आत कुंकू, केस, चिंधी भरावी लागते आणि छिद्र बेमालूम बुजवून वर शेंडी सारखी करावी लागते. लिंबातून ‘रक्त’ निघावयाचे तर सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळवितात. लिंबातील आम्लाने तो लाल होतो. हातातून विभूती काढणारा राखेची पेजेत बांधलेली वडी बोटांच्या बेचक्यात लपवितो. ह्या गोष्टी सरावाने कोणालाही साधतात.

दुसरा भाग वेळेचा. मंत्राने अग्नी प्रकट करण्याच्या प्रयोगात पोटॅशियम परमँगनेटवर ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन सोडतात. ज्वाळा लगेच उठत नाही. थोडा वेळ जावा लागतो आणि थंडीत तो वाढतो. तो वेळ मंत्राने भरून काढावयाचा असतो. अर्थात मंत्राची लांबी देवतेने ठरविलेली नसून रसायनाने ठरविलेली आहे. ज्याने घरी दुपारच्या उन्हात सराव केला आणि प्रयोग पौषातल्या रात्री उघड्या पटांगणात लावला, त्याचा मंत्र आधी संपतो आणि अग्नी मागाहून येतो. ह्यासाठी अनुभवी माणूस प्रयोगाच्या जागी, प्रयोगाच्याच वेळी एकदा चाचणी घेतो, ज्वालाग्राही वस्तूंपासून मुलांना दूर बसवितो आणि मंत्रात कमीजास्त करता येण्यासारखी कडवी ठेवतो.

तिसरा भाग भाषेचा आणि तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. मांत्रिकाची वाक्ये तपासली असता त्यांत अकर्मक क्रियापदांची रेलचेल आढळते : दिवा पेटला, रक्त आले, करणी निघाली, विष उतरले. गोष्ट घडते, ती कोणी घडविली हे वाक्यात येत नाही आणि त्या मोकळ्या जागेत श्रोता आपण होऊन देवाला किंवा भुताला बसवितो. मराठीत ह्या क्रियापदांचे सकर्मक वा प्रयोजक जोडीदार तयार आहेत : पेटविला, आणले, काढली, उतरविले. प्रात्यक्षिकाचा पूर्वार्ध अकर्मक क्रियापदांत आणि उत्तरार्ध सकर्मक क्रियापदांत चालतो, असा त्याचा व्याकरणिक आराखडा मांडता येईल. ‘नारळातून चिंधी निघाली’ ह्यापासून ‘ही चिंधी मी काल रात्री भरली होती’ येथपर्यंतचे अंतर हेच प्रबोधनाचे अंतर होय. हौशी कार्यकर्ता रहस्य सांगतानाही ‘मग ती निघते’ असेच बोलत राहिला, तर कर्ता पुन्हा लपतो आणि प्रेक्षक ‘ह्याचे खोटे असेल, आमच्या भगताचे खरे आहे’ असा निष्कर्ष काढून घरी जातो. म्हणून शक्य तेथे रहस्य स्वतः सांगू नये; प्रेक्षकांतूनच कोणाला पुढे बोलावून त्याच्या हातून प्रयोग करवावा आणि ‘मी केला’ हे वाक्य त्याच्या तोंडून यावे.

६. यवतमाळचे क्षेत्र

१९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून नोंदला गेलेला हा प्रदेश भाषेच्या दृष्टीने एकजिनसी नाही. वऱ्हाडी बोलीबरोबर गोंडी, कोलामी आणि बंजारा समाजाची गोरमाटी येथे नांदतात. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी ह्या भागांतील कोलाम पोडांत, तसेच पुसद-दिग्रसकडील तांड्यांत, प्रमाण मराठीतले भाषण अर्धेच पोचते. हातचलाखी डोळ्यांना कळते; तिचा उलगडा मात्र कानांतून व्हावयाचा असतो. त्यामुळे परक्या भाषेत केलेला प्रयोग पूर्वार्धापुरता, म्हणजे चमत्कार म्हणूनच, शिल्लक राहण्याचा धोका आहे. येथे दुभाषी पुरत नाही. उत्तरार्ध त्या समाजातील तरुणाने आपल्या भाषेत बोलला पाहिजे आणि त्या भाषेत ‘घडणे’ व ‘घडविणे’ ह्यांचा भेद कसा दाखवितात हे तयारीच्या वेळीच पाहून घेतले पाहिजे.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. ह्या जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात २०१२ मध्ये एका लहान मुलीचा बळी दिल्याचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते. सर्पदंशाचे उदाहरण तर नित्याचे आहे. कापसाच्या शेतात दंश होतो; बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात भिनतेच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेली पुष्कळ माणसे वाचतात आणि ‘विष उतरले’ हे वाक्य खरे ठरते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे ह्यांचा खरा दंश असेल तेव्हा त्याच वाक्याची वाट पाहण्यात प्रतिविषाची वेळ निघून जाते. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु रात्री शेतातून रुग्णाला कोठे न्यावयाचे हे ठरविणारे लोक कायद्याच्या कलमांपेक्षा ऐकलेल्या वाक्यांवर अधिक विसंबतात. जवळच्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध नसेल तर कोणत्याही प्रात्यक्षिकाचा उपयोग नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

७. समारोप

सारांश, चमत्कार-प्रात्यक्षिकाची साधने जुनीच आहेत. कौटिल्याच्या हेरापासून गारुड्यापर्यंत अनेकांनी ती हाताळली. नवे आहे ते रहस्य सर्वांस सांगण्याचे व्रत, आणि ते व्रत भाषेने पार पाडावयाचे आहे. कार्यकर्त्यांच्या शिबिरांत हाताच्या सरावाइतकाच वाक्यांचा सराव झाला पाहिजे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनाही येथे कामाचे एक क्षेत्र आहे. जिल्ह्यातील मराठी, गोंडी, कोलामी व गोरमाटी भाषांतील भगत-मांत्रिकांची वाक्ये आणि प्रात्यक्षिकांतील वाक्ये ध्वनिमुद्रित करून त्यांची क्रियापदे शेजारी शेजारी मांडली, तर वर सुचविलेला आराखडा कितपत टिकतो हे ठरविता येईल. ‘विष उतरले’ ह्या वाक्याचा कर्ता कोण, हा प्रश्न व्याकरणाच्या वर्गाबाहेर, शेताच्या बांधावरही विचारण्याजोगा आहे.